जर्मनीत नोकरी: परवाना कोणता घ्यावा आणि तो टिकवावा कसा

जर्मनीतल्या नोकरीचं पत्र हातात पडतं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कंपनीचा एचआर म्हणतो, ‘व्हिसाचं आम्ही बघतो.’ एजंट म्हणतो, ‘ऑपॉर्च्युनिटी कार्ड काढून टाका, तिकडे गेल्यावर नोकरी मिळतेच.’ म्युनिकमधला मित्र म्हणतो, ‘ब्लू कार्ड नसेल तर येऊच नकोस.’ मग वाचक आम्हाला विचारतात: वर्क व्हिसा आणि ब्लू कार्ड एकच का? कंपनी आयसीटीवर पाठवतेय, तीन वर्षांनी पीआर, म्हणजे कायमचा निवास परवाना, मिळेल का? नोकरी गेली तर लगेच परतावं लागतं का? बायकोला किंवा नवऱ्याला आधी जर्मन शिकावंच लागतं का?

बहुतेकांचा गोंधळ एकाच कारणानं होतो. लवकरात लवकर आत कसं जाता येईल, एवढंच पाहून परवाना निवडला जातो. नोकरी बदलायची मुभा, जोडीदाराचं येणं आणि पीआरला लागणारे महिने मात्र तुम्ही पहिला परवाना जर्मन निवास कायद्याच्या कोणत्या कलमाखाली घेता यावर ठरतात. म्हणून आधी तीन वर्षांनंतरचा विचार करा आणि मग अर्ज भरा. इथले पगाराचे आकडे 2026 साठीचे आहेत. ते दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे अर्जापूर्वी जर्मन सरकारच्या ‘मेक इट इन जर्मनी’ या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहून घ्या.

व्हिसा आणि परवाना: दोन वेगळ्या गोष्टी

मुंबईची जर्मन वकिलात पासपोर्टवर चिकटवते तो राष्ट्रीय व्हिसा, म्हणजेच डी व्हिसा. त्याची मुदत काही महिन्यांची, फार तर वर्षभराची असते. जर्मनीत पोहोचल्यावर तुमच्या शहरातल्या आउसलेंडरबेह्योर्डकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, जे प्लॅस्टिकचं कार्ड मिळतं तो खरा निवास परवाना. ब्लू कार्ड हा अशाच परवान्याचा एक प्रकार आहे.

कार्डासोबत बहुधा एक हिरवट पुरवणी कागद मिळतो. तो कपाटात टाकून देऊ नका. तुम्ही कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर काम करू शकता आणि स्वतंत्र व्यवसायाची परवानगी आहे की नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. कार्डावरचं कलम आणि त्या कागदावरच्या अटी मिळून तुमचा परवाना होतो.

पर्याय कोणते आहेत?

1. ईयू ब्लू कार्ड

पदवीधरांसाठी सहसा सर्वांत फायद्याचा पर्याय. अटी अशा:

- जर्मनीत मान्य किंवा जर्मन पदवीशी तुल्य अशी पदवी, आणि त्या पदवीला साजेशी किमान सहा महिन्यांची नोकरी.
- वर्षाला किमान 50,700 युरो ढोबळ पगार.
- आयटी, अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांत, तसंच पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील तर, 45,934.20 युरो.
- आयटीतल्या अनुभवी लोकांना पदवीची अट नाही. मात्र गेल्या सात वर्षांत पदवीधराच्या दर्जाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा.

पगार मोजताना करारात हमी दिलेली रक्कमच धरतात. ‘कामगिरीनुसार बोनस’ या सदरातले पैसे त्यात येत नाहीत. एचआरनं बोनस मिळवून आकडा गाठला असेल तर अर्ज तिथेच अडकतो.

आणखी एक हिशोब आधीच करून ठेवा. 50,700 युरो ढोबळ पगारातून कर, पेन्शन, आरोग्य विमा आणि बेकारी विमा कापला की एकट्या माणसाच्या हाती महिन्याला अंदाजे 2,700 युरो येतात. म्युनिक किंवा फ्रँकफर्टमध्ये यातला मोठा हिस्सा भाड्यात जातो.

2. कुशल कर्मचारी परवाना

पदवी किंवा व्यावसायिक शिक्षण जर्मनीत मान्य झालं आहे, पण पगार ब्लू कार्डाच्या मर्यादेखाली आहे, अशांसाठी हा परवाना आहे. कलम 18अ व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांसाठी, 18ब पदवीधरांसाठी. नोव्हेंबर 2023 पासून मान्यताप्राप्त पात्रता असलेली व्यक्ती शिक्षणाच्या बाहेरच्या क्षेत्रातही कुशल काम घेऊ शकते. डॉक्टर, नर्स यांसारखे परवान्याचे व्यवसाय याला अपवाद. वय 45 च्या पुढे असेल आणि पहिल्यांदाच जात असाल, तर 55,770 युरो पगार किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते.

3. अनुभवाच्या जोरावर

पात्रतेला जर्मन मान्यता मिळवायची नसेल, तरी एक वाट आहे. भारतात सरकारमान्य असं किमान दोन वर्षांचं शिक्षण, गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा संबंधित अनुभव आणि 45,630 युरो पगार असेल, तर नोकरीच्या पत्रावर परवाना मिळू शकतो. आयटीत शिक्षणाची अटही नाही. पुण्याच्या आयटीतल्या पदवी अर्धवट राहिलेल्या अनेकांना ही सोय माहीतच नसते.

4. आयसीटी कार्ड

भारतातल्या शाखेतून जर्मन शाखेत बदली. व्यवस्थापक आणि तज्ज्ञांना जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात, प्रशिक्षणार्थींना एक वर्ष. नोकरीचा करार भारतातल्या कंपनीशीच राहतो आणि बहुतेक वेळा भविष्यनिर्वाह निधीही भारतातच कापला जातो. ईपीएफओचं ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ घेतलं की ठरावीक काळ जर्मन पेन्शनची कपात टळते. दोन वर्षांसाठी जाऊन परतायचं असेल तर हा सोयीचा मार्ग आहे. स्थायिक व्हायचं असेल तर नाही, कारण हे महिने ब्लू कार्डावरून मिळणाऱ्या पीआरच्या हिशोबात धरले जात नाहीत. कंपनी ‘आधी आयसीटीवर जा, मग बघू’ म्हणाली तर स्थानिक करार कधी करणार, हे लेखी मागा.

5. ऑपॉर्च्युनिटी कार्ड

जर्मन नाव चान्सनकार्ट; 1 जून 2024 पासून सुरू. नोकरीचं पत्र नसताना नोकरी शोधायला जाण्याचा हा परवाना जास्तीत जास्त एका वर्षासाठी मिळतो. त्यावर आठवड्याला 20 तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं, शिवाय एका कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणीदाखलही काम करता येतं.

तुमची पात्रता जर्मनीत पूर्ण मान्य असेल तर गुणांचं गणित लागतच नाही. मान्य नसेल तर किमान दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, जर्मन ए1 किंवा इंग्रजी बी2, आणि वर सहा गुण हवेत. उदाहरणादाखल, मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा झालेली आणि चाकणच्या कारखान्यात सहा वर्षं काम केलेली 31 वर्षांची एक उमेदवार घ्या:

- गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा संबंधित अनुभव: 3 गुण
- वय 35 पर्यंत: 2 गुण
- जर्मन ए2: 1 गुण
- एकूण: 6 गुण

तिनं ए2 ची परीक्षा दिली नसती तर पाचवरच अडकली असती. जर्मन बी1 ला 2 आणि बी2 ला 3 गुण आहेत, इंग्रजी सी1 ला 1. अनुभव वाढवायला वर्षं लागतात, भाषेचा गुण काही महिन्यांत मिळतो.

उदरनिर्वाहासाठी दरमहा 1,091 युरो, म्हणजे वर्षाचे 13,092 युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. अर्धवेळ नोकरीचा करार आधीच असेल तर ही रक्कम कमी होऊ शकते. या कार्डावर जोडीदाराला सोबत नेण्याची सोय सहसा मिळत नाही. कर्ज काढून हे कार्ड घेणार असाल तर एक गोष्ट पक्की धरून चला: वर्षभरात कुशल नोकरी मिळाली नाही, तर परतावं लागेल.

6. आधी शिक्षण, मग नोकरी

जर्मन विद्यापीठाची पदवी घेतल्यावर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात आणि त्या काळात कोणतंही काम करता येतं. शिकत असताना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र आणि वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये लागतात. हा मार्ग लांबचा असला तरी पीआर सर्वांत लवकर मिळणाऱ्यांत हे पदवीधर असतात.

7. नर्सिंग आणि परवान्याचे इतर व्यवसाय

इथे मान्यता टाळता येत नाही. अनेकांच्या शिक्षणात जर्मन अधिकारी काही त्रुटी काढतात. मग पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते आणि तोवर सहायक म्हणून काम करावं लागतं. ‘मान्यता भागीदारी’ या नव्या सोयीत मालकाशी करार करून जर्मन ए2 वर जाता येतं आणि मान्यतेची प्रक्रिया तिथे पूर्ण करता येते; एकूण मुदत तीन वर्षांपर्यंत. पण नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी असेल तर बी2 पर्यंत मजल मारावीच लागते.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यामुळे आशा वाढल्या, ते स्वाभाविक आहे. पण सरकारी करार झाला म्हणून कुणाचा व्हिसा आपोआप होत नाही. भाषा, पात्रता आणि नोकरीचा करार प्रत्येकाला स्वतःच उभा करावा लागतो.

मग निवडायचं काय?

- पदवी मान्य आहे आणि पगार मर्यादेत बसतो: ब्लू कार्डच मागा. मालकानं सवयीनं 18ब चा अर्ज भरला तर थांबवा.
- पगार हजार-दोन हजारांनी कमी पडतोय: करार करतानाच वाटाघाट करा. एवढ्या फरकामुळे पीआर नऊ ते पंधरा महिने लांबू शकतो.
- डिप्लोमा किंवा आयटीआय, हातात नोकरीचं पत्र: आधी अनुभवाचा मार्ग तपासा, मग मान्यतेचा.
- नोकरीचं पत्र नाही, भाषाही नाही: आत्ता जर्मन शिका. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे मॅक्सम्युलर भवन आहे. बी1 झाल्यावर घरबसल्या अर्ज करून नोकरी मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

अर्जाची पावलं

1. पदवी तपासा. ‘आनाबिन’ या जर्मन माहितीकोशात तुमचं विद्यापीठ आणि पदवी दोन्ही शोधा. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ असेल आणि पदवीही तुल्य दाखवली असेल, तर त्या पानांची छापील प्रत पुरते. पदवी सापडली नाही तर झेडएबी या संस्थेकडून तुल्यतेचं पत्र मागवा. शुल्क 208 युरो. याला वेळ लागतो, म्हणून राजीनामा देण्याआधीच सुरुवात करा.
2. नावं जुळवा. आपल्याकडे अनेकांची गुणपत्रिका आडनावापासून सुरू होते, पासपोर्टावर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंची पदवी माहेरच्या नावानं. गॅझेट, विवाह नोंदणी दाखला किंवा प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा.
3. विवाहाची नोंदणी करा. पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा नोंदणी दाखलाच लागतो. अपोस्टिलच्या भरवशावर मात्र राहू नका: भारतीय कागदपत्रांचं अपोस्टिल जर्मनी मानत नाही. गरज वाटली तर वकिलात स्वतः पडताळणी करून घेते.
4. अर्ज ऑनलाइन भरा. जानेवारी 2025 पासून जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज करता येतो. कागद तपासून झाले की अपॉइंटमेंट मिळते. व्हिसा शुल्क 75 युरो. मालकाला घाई असेल तर तो जर्मनीत 411 युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. हे अर्जदाराला स्वतःहून करता येत नाही.
5. नकार आला तर त्याची कारणं नीट वाचा. पूर्वीची फेरविचाराची सोय 1 जुलै 2025 पासून बंद झाली आहे. आता त्रुटी दूर करून नवा अर्ज करायचा, किंवा मुदतीत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची. कागदाची चूक असेल तर नवा अर्जच शहाणपणाचा.

पोहोचल्यावरचे पहिले आठवडे

- अनमेल्डुंग: घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. ‘भाड्यानं देतो, पण नोंदणी करू नका’ असं म्हणणाऱ्याचं घर घेऊ नका. नोंदणीशिवाय कर क्रमांक मिळत नाही, बँक खातं उघडताना अडतं आणि परवान्याचा अर्जही रखडतो.
- आरोग्य विमा: भारतातून काढलेला प्रवास विमा केवळ प्रवासापुरता. नोकरी सुरू होताच सरकारी क्रांकनकासेत नाव घाला. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्यात वेगळा हप्ता न भरता येतात. जास्त पगार असलेल्यांना खासगी विम्याचा मोह होतो, पण पुढे सरकारी विम्यात परतणं अवघड जातं.
- आउसलेंडरबेह्योर्डची अपॉइंटमेंट: पोहोचल्याच्या आठवड्यातच मागा. मोठ्या शहरांत महिनोन् महिने थांबावं लागतं.
- टपालपेटी: पेटीवर तुमचं नाव लावा. कर क्रमांक, बँकेचं पिन, प्रसारण शुल्काचं दरमहा 18.36 युरोचं बिल, सगळं टपालानंच येतं. उत्तर दिलं नाही म्हणून बिल रद्द होत नाही.
- गाडी: भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं. त्यानंतर जर्मन परीक्षा देऊन लायसन्स काढावं लागतं.

परवाना संपत आलाय आणि तारीख मिळत नाही

यात सर्वांत जास्त लोक फसतात. मुदत संपण्याच्या आधी अर्ज पोहोचला पाहिजे, मग भेटीची तारीख नंतरची असली तरी चालते. अर्ज पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा: ई-मेल, पोर्टलची पावती, रजिस्टर पत्राची पोच.

कार्ड तयार होईपर्यंत फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचं तात्पुरतं पत्र मिळतं. त्याच्या आत तीन चौकोन असतात. फुली तिसऱ्या, म्हणजे कलम 81 परिच्छेद 4 च्या चौकोनात असेल, तर जुना परवाना चालू आहे असं मानलं जातं आणि भारतात जाऊन परत येता येतं. परिच्छेद 3 च्या चौकोनात फुली असेल तर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर पडल्यावर त्या पत्रावर परत येता येत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जायचं तिकीट काढण्याआधी ती फुली कुठे आहे, ते पाहा.

कुटुंब सोबत नेताना

- ब्लू कार्ड आणि कुशल कर्मचारी परवाना असलेल्यांच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन ए1 दाखवावी लागत नाही.
- जोडीदाराला आल्यापासून कोणतीही नोकरी किंवा व्यवसाय करण्याची पूर्ण मुभा असते. वेगळा वर्क परमिट लागत नाही.
- पहिला कुशल परवाना 1 मार्च 2024 किंवा त्यानंतर मिळाला असेल तर आईवडिलांना, जोडीदार तिथेच राहत असेल तर सासूसासऱ्यांनाही, दीर्घ मुदतीसाठी बोलावता येतं. खरी अडचण त्यांच्या आरोग्य विम्याची. उतारवयात पूर्ण संरक्षणाचा खासगी विमा महाग पडतो आणि त्याशिवाय परवाना मिळत नाही.
- जोडीदाराचा हक्क: जर्मनीत तीन वर्षं वैवाहिक जीवन एकत्र काढलं असेल तर विभक्त झाल्यावरही स्वतंत्र परवाना मिळू शकतो. घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर तीन वर्षांची अट लागू होत नाही. ‘माझ्या व्हिसावर आली आहेस, परत पाठवीन’ अशी धमकी देणाऱ्याला तो अधिकार नाही. परवाना कार्यालय देतं, नवरा नाही. महिलांसाठीची मोफत, अनेक भाषांतली मदतवाहिनी 116 016 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

नोकरी बदलताना

ब्लू कार्डावर पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलत असाल तर आउसलेंडरबेह्योर्डला आधी कळवा. ते 30 दिवस बदल थांबवून तपासणी करू शकतात आणि त्या मुदतीत नकारही देऊ शकतात. बारा महिन्यांनंतर ही आडकाठी राहत नाही, पण नवी नोकरी ब्लू कार्डाच्या पगाराच्या आणि पदाच्या अटीत बसलीच पाहिजे. इतर परवान्यांवर पुरवणी कागदावर कंपनीचं नाव असेल, तर नवी नोकरी सुरू करण्याआधी परवानगी घ्या. नव्या कंपनीनं परवानगी हातात येण्याआधी रुजू व्हायला सांगितलं, तरी होऊ नका.

नोकरी गेली तर

नोकरी गेली म्हणजे दुसऱ्या दिवशी विमान पकडायचं, असं नाही. पण काही मुदती काटेकोर आहेत:

- 3 दिवस: नोकरी जाणार हे उशिरा कळलं तर कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात, म्हणजे आगेन्टुअर फ्युर आर्बाइटमध्ये, नाव नोंदवा. आधीच माहीत असेल तर नोकरी संपण्याच्या तीन महिने आधी.
- 2 आठवडे: नोकरी मुदतीपूर्वी संपत असल्याचं आउसलेंडरबेह्योर्डला कळवा. कंपनीही कळवते, पण तुमची जबाबदारी वेगळी आहे.
- 3 आठवडे: काढून टाकणं अन्यायाचं वाटत असेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल करायचा. मुदत गेली की बहुतेक वेळा हक्कही जातो.

सहीच्या कागदी पत्राशिवाय दिलेली नोटीस कायद्यानं वैध नाही. ई-मेल किंवा व्हॉट्सअॅपवर ‘उद्यापासून येऊ नका’ असा निरोप आला तर ते पत्र मागा.

‘परस्पर संमतीनं’ करार संपवण्याच्या कागदावर घाईनं सही करू नका. अशी सही केली की बेकारी भत्ता सहसा बारा आठवडे रोखला जातो आणि न्यायालयाचा मार्गही जवळपास बंद होतो. एचआरच्या खोलीत ‘आत्ताच सही करा’ म्हणाले, तर कागद घरी न्या.

गेल्या 30 महिन्यांत किमान 12 महिने बेकारी विम्याची वर्गणी भरली असेल तर निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के भत्ता मिळतो. हा तुमच्याच वर्गणीतून आलेला हक्काचा पैसा आहे. तो घेतला म्हणून परवाना जात नाही. नवी नोकरी शोधायला कार्यालय सहसा तीन ते सहा महिन्यांची मुदत देतं. मालकाकडून फसवणूक किंवा पगाराची थकबाकी असेल, तर ‘फेअर इंटिग्रेशन’ ही सरकारी मदतीवर चालणारी केंद्रं परदेशी कामगारांना मोफत सल्ला देतात.

पीआर कधी?

- ब्लू कार्डावर, जर्मन ए1 असेल तर: 27 महिने
- ब्लू कार्डावर, जर्मन बी1 असेल तर: 21 महिने
- जर्मन पदवी घेऊन कुशल नोकरी: 2 वर्षं
- कुशल कर्मचारी परवान्यावर, जर्मन बी1 सह: 3 वर्षं
- इतर बहुतेकांना: 5 वर्षं

तेवढ्या महिन्यांची पेन्शन वर्गणी, पुरेसं घर आणि ‘लेबन इन डॉइचलांड’ ही परीक्षा हे बहुतेक मार्गांना लागतं. परीक्षेत 33 प्रश्न असतात, पीआरसाठी 15 बरोबर पुरतात. पीआर मिळाल्यावर सलग सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर तो सहसा रद्द होतो. घरच्या आजारपणासाठी किंवा बाळंतपणासाठी जास्त काळ भारतात थांबायचं असेल तर निघण्याआधी आउसलेंडरबेह्योर्डकडून मुदतवाढ लेखी घ्या.

नागरिकत्वासाठी आता पाच वर्षं लागतात. तीन वर्षांची जलद सोय ऑक्टोबर 2025 मध्ये रद्द झाली. जर्मनी जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्व मान्य करते, पण भारत करत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो आणि मग ओसीआय कार्ड काढता येतं. ओसीआयवर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे शेती असलेल्यांनी हा निर्णय घरच्यांशी बोलूनच घ्यावा.

एजंटकडे जाण्याआधी

1983 च्या स्थलांतर कायद्यानुसार परदेशी नोकरी लावून देणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि तो उमेदवाराकडून सेवाशुल्कापोटी 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच घेऊ शकतो. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक तपासा. ‘वकिलातीत ओळख आहे’, ‘भाषेची परीक्षा न देता प्रमाणपत्र’ किंवा ‘खोटं अनुभवपत्र चालून जाईल’ असं जो म्हणतो, त्याच्याकडून उठून या. खोटा कागद सापडला तर तो एकच अर्ज जात नाही, पुढच्या सगळ्या अर्जांवर संशयाची सावली राहते. परवाना मिळालेला असला तरी तो नंतर काढून घेता येतो.

नोकरीच्या करारावर सही करण्याआधी एचआरला एक ई-मेल पाठवा आणि त्यात तीनच प्रश्न विचारा: माझा अर्ज कोणत्या कलमाखाली जाणार आहे, हमीचा वार्षिक पगार किती, आणि करार जर्मन कंपनीशी की भारतीय? लेखी उत्तर आल्याशिवाय इथल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.